सात सोंगं आणि एक फायबरची होडी

जव्हारला जाऊन आलो म्हटलं की वसईत जो तो विचारतो, दाभोशाचा धबधबा पाहिलास का, शिरपामाळावर गेला होतास का, राजवाडा आतून बघू देतात का. मी यातलं काही म्हणजे काही पाहिलं नाही. माझे पाच दिवस एका जुन्या होडीच्या बुडाकडे बघण्यात गेले. सहाव्या दिवशी जे झालं ते इथे कुणाला तोंडी सांगितलं की लोक आधी हसतात, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

माझा धंदा फायबरचा. पाण्याच्या टाक्या, रिक्षांचे हूड, मखरांचे खांब, कोळ्यांच्या होड्यांची डागडुजी. काचेच्या तंतूंची चटई घ्यायची, तिला आम्ही मॅट म्हणतो, ती साच्यावर अंथरायची, वरून रेझिन पाजायचं, की तासाभरात दगडासारखं कडक. वीस वर्षं हेच करतोय, त्यामुळे कुणी काहीही घेऊन आलं की माझ्या तोंडून पहिले शब्द निघतात ते "सोप्पं आहे." आमची आक्का म्हणते, यम दारात आला तरी तू त्याला हेच सांगशील.

ही आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या पुढे, धरणाच्या पाण्यालगतच्या एका पाड्यावर शाळेची मुख्याध्यापिका होती. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. पालघर जिल्हा अजून व्हायचा होता, तो सगळा मुलूख ठाण्यातच. होळी होऊन आठवडा झाला असेल, आक्काचं कार्ड आलं. होडी दुरुस्त करायची आहे, सामान घेऊन जव्हारला ये, मी एस.टी. स्टँडवर आहे. यायला जमेल का वगैरे काही नाही. लहानपणापासून तिने मला कधी विचारलेलं नाही, त्यामुळे मलाही नाही म्हणायची सवय लागलेली नाही.

जव्हार

जव्हार उंचावर असल्यामुळे सकाळी हवा बरी होती, पण दहा वाजले आणि ऊन तापायला लागलं. आक्का मला तडक कासमचाचांच्या वेल्डिंगच्या दुकानामागे घेऊन गेली. चाचा पासष्टीचे, पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. त्यांच्या परसात चिंचेखाली ती होडी पडली होती आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या.

होडी चौदा फुटी, पुढे निमुळती, दोन बाके, मोटारीसारखं चाक आणि समोर तडकलेली काच. इंग्रजीत हिला रनअबाउट म्हणतात, आपल्याकडे सरसकट स्पीडबोट. धरणाचं काम चालू होतं तेव्हा कुणा साहेबाने हौसेने आणलेली. साहेब गेले, इंजिन गेलं, होडी ट्रेलरसकट भंगारात निघाली आणि चाचांकडे आली. पत्रा नाही म्हणून कापता येईना, लाकूड नाही म्हणून जाळता येईना. आक्काने मागितल्यावर चाचांनी कोंबड्यांसाठी खुराडं बांधलं आणि घेऊन जा म्हणाले.

मी बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून पाहिलं. चांगलं फायबर टणक वाजतं, आतून सुटलेलं असेल तर भद्द आवाज येतो. एका कुशीला भोक, मागची इंजिनाची फळी आतून कुजून भुसा झालेली, बाकी सांगाडा खणखणीत. ट्रेलरच्या स्प्रिंगचे पाटे गंजून एकमेकांना चिकटलेले आणि चाकं चिंचेच्या मुळांत रुतलेली. चाचा म्हणाले, ट्रेलर माझा, होडी तुझी. मी म्हटलं, सोप्पं आहे.

दुपारी चाचांच्या घरी खिमा आणि पातळ मऊसूत रोट्या खाताना आक्काने मला खरं काय ते सांगितलं.

बोहाडा म्हणजे या भागातला सोंगांचा उत्सव. होळीनंतर गावोगाव होतो. संबळ वाजतं आणि मुखवटे चढवलेली माणसं देव-दैत्य होऊन नाचत येतात. त्या मुखवट्यालाच इथे सोंग म्हणतात. आक्काच्या पाड्यावरच्या देवरामकडे त्याच्या बापाने केलेली सोंगं होती, कागदाची. गाव धरणात गेलं तेव्हा अर्धी माणसं या काठाला आली, अर्धी त्या काठाला, आणि बोहाड्याची जागा पलीकडे ठरली. म्हणजे दरवर्षी सोंगं पाणी ओलांडून न्यायची. रस्त्याने मोठा वळसा घालून जीप जाते, पण देवरामच्या घरात सोंग चाकावर चढत नाही. शिवाय एकदा घरातून उचललं की बोहाड्याच्या जागेपर्यंत टोपलीचं बूड कुठेही टेकवायचं नाही, त्यामुळे एवढा वळसा पायी जाणंही अशक्य. उरलं पाणी. आजवर बांबूचा तराफा होता. गेल्या वर्षी तराफा कलंडला आणि नरसिंह भिजला.

"आता सात राहिलीत," आक्का म्हणाली. "आणि बोहाडा पाच दिवसांवर आहे."

मी म्हटलं, भिजलं तर दुसरं करायचं, त्यात काय एवढं. आक्काने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी रोटीत डोकं घातलं.

पहिलाच गोंधळ मी त्याच संध्याकाळी केला. वसईच्या दमट हवेत रेझिन घट्ट करणारा हार्डनर जितका घालतो तितकाच इथल्या कोरड्या उन्हात घातला. कुशीचं भोक बुजवून मागच्या फळीकडे वळलो तर बादलीतून धूर यायला लागला, आणि बघता बघता अर्धी बादली रेझिन फुटाण्यासारखं तडतडत दगड झालं. चाचा लांबूनच म्हणाले, "बेटा, ये तो बिर्याणी जल गयी." हसण्यावारी नेलं खरं, पण आणलेल्यातलं बरंचसं रेझिन त्यात गेलं होतं. फळी नवी सागाची बसवून उरलेलं जपून वापरलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेमतेम एका मोठ्या ठिगळापुरतं शिल्लक राहिलं. मनात म्हटलं, लागणार कुठंय.

खोडाळ्याच्या वाटेवर

तिसऱ्या दिवशी सकाळी जीपमागे ट्रेलर जोडून निघालो. चाचांनी पाटे सोडवले होते, चाकांच्या मध्याला जुन्या जीपचे हब बसवले होते, बेअरिंग मात्र जुनीच ग्रीस भरून चढवली होती, कारण नवी दुकानात यायला एक दिवस होता आणि आम्हाला दम नव्हता. डोंगर करपलेले, मोहाखाली बायाबापड्या फुलं वेचत होत्या. आक्का पुढे बसून ड्रायव्हरला सारखी हळू हळू म्हणत होती.

मोखाडा मागे पडलं आणि उजव्या चाकाने रडायला सुरुवात केली. आधी बारीक किंचाळी, मग खरखर. खाली उतरून हबला हात लावला तर चटका बसला. पाणी ओतलं, थांबलो, पुन्हा निघालो. असं करत करत पाडा अगदी दिसायला लागला आणि तिथल्या कच्च्या उतारावर चाक एका बाजूला कललं, होडी एक वीत उचलली गेली आणि दाणकन खाली आपटली. ट्रेलरची आडवी पट्टी तिच्या बुडातून वर आली.

खाली वाकून बघितलं. परातीएवढं भोक, आणि तेही नेमकं पोटाच्या मध्यावर.

आक्का भोकाकडे एकदा बघून पाड्यावरून माणसं बोलवायला निघाली. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं.

पाड्यावर

पंधरावीस माणसांनी होडी उचलून उंबराखाली आणून ठेवली. त्यातच देवराम होता. चाळिशीचा, बारीक, शांत. पाड्यावर आक्काला सगळे बाई म्हणत, म्हणून मी आपोआप सगळ्यांचा मामा झालो. वसईत मला कुणी मामा म्हटलं तर मी आधी त्याला काय हवंय ते बघतो, इथे मात्र लगेच नागलीची भाकरी, उडदाचं कालवण आणि सुके मासे समोर आले.

जेवण झाल्यावर देवरामने मला घरात नेलं. आढ्याला टांगलेली टोपली उतरवली आणि नरसिंह दाखवला. म्हणजे नरसिंह होता ते. एका बाजूचा डोळा गालावर ओघळलेला, जबडा लगद्यात मिसळलेला, रंगाचे ओघळ. वाळून त्याचा गोळा झाला होता. तरी त्याने तो टाकला नव्हता.

मी विचारलं, साचे आहेत ना, पुन्हा काढा. तो म्हणाला, घर उठवलं तेव्हा बापाने सोंगं डोक्यावर आणली. मातीचे साचे जड, ते दुसऱ्या खेपेला आणू म्हणाला. दुसऱ्या खेपेपर्यंत पाणी आलं होतं. "म्या सोंगं करतो मामा. पण बापाचं त्वांड माझ्या हातात येत नाय." एवढं बोलून त्याने टोपली पुन्हा वर टांगली, आणि त्यानंतर मी दुसरं करायचं त्यात काय असं म्हणालो नाही.

बाकीची सात त्याने दाखवली. हातात घेऊन बघितलं तर मी थक्क झालो. कागदाचे पदर, चिंचोक्याची खळ, पुन्हा पदर, पुन्हा खळ. हलकं आणि टणक. अहो, हे तर आमचंच काम! मॅटच्या जागी कागद आणि रेझिनच्या जागी खळ. मी खूश होऊन त्याला तसं सांगितलं. तोही खुलला आणि सांगायला लागला. "पयली माती घ्यायाची, तिचं त्वांड करायाचं. मंग तिला..."

"कळलं, कळलं," मी म्हटलं. "पुढचं मला ठाऊक आहे."

खरं तर मला घाई होती. नवं बेअरिंग आणल्याशिवाय ट्रेलर हलणार नव्हता, आणि ट्रेलरशिवाय होडी पाण्यापर्यंतचा उतार उतरली नसती. चौथ्या दिवशी पहाटेच्या जीपने मला जव्हार गाठायचं होतं. म्हणून देवरामला पॉलिश पेपर दिला, आतल्या बाजूने भोकाभोवती हातभर जागा खरवडून साफ करायला सांगितली. कशी, किती, असं त्याने विचारलं तेव्हा मी निघता निघता म्हणालो, अगदी तुमच्या सोंगासारखं समजा, काही वेगळं नाही. मी परत आल्यावर मॅट टाकू.

जव्हारला बेअरिंग मिळालं. रेझिन मिळालं नाही. चाचांनी स्वतः हब साफ करून मला बेअरिंग कसं ठोकायचं ते दोनदा दाखवलं, मी कळलं कळलं म्हणत असतानाही तिसऱ्यांदा दाखवलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी ठिगळ टाकलं. देवरामने जागा इतकी सुंदर घासली होती की माझ्या कारखान्यातल्या कारागिरांना आणून दाखवावी. हात फिरवला तर गुळगुळीत, कोरडी. सावलीत, हार्डनर मोजून, मॅटचे चार पदर. रेझिन तळाला गेलं तेव्हा बादली पुसून घेतली. दुपारपर्यंत कडक झालं. ठोकून पाहायचं मात्र राहून गेलं, कारण तेवढ्यात ट्रेलरचं चाक बसवायला माणसं गोळा झाली, आणि खरं सांगायचं तर मला खात्री होती.

पाण्यावर

सहाव्या दिवशी सकाळी होडी उताराने खाली नेली. ट्रेलर मागे मागे घेत पाण्यात उतरवला, चाकं बुडाली आणि होडी अलगद तरंगली. आमच्याकडे नारळ फोडल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही. इथे एका म्हातारीने काठावर तांदळाचे दाणे ठेवले, झालं. मी आत जाऊन पाहिलं, एक थेंब नाही. लोकांनी ट्रेलर बाहेर ओढला आणि मग वरच्या वाटेने सोंगं आली.

दोन मोठ्या टोपल्या, वर लाल फडकं, देवरामच्या दोन थोराड पुतण्यांच्या डोक्यावर. तीन सोंगं एकीत, चार दुसरीत. पुतणे तसेच पाण्यात उतरून होडीत चढले, बाकावर बसले, पण टोपल्या डोक्यावरच, दोन्ही हात वर. देवराम एका वल्ह्यावर, मी दुसऱ्या. आक्का पुढे, मांडीवर भाकऱ्यांचा डबा. पलीकडच्या काठावर माणसं जमलेली दिसत होती आणि संबळ ऐकू येत होतं. पाणी अर्धा-पाऊण किलोमीटर असेल.

वारा नव्हता. होडी छान चालली होती. मला तर गाणं म्हणावंसं वाटत होतं. मध्यावर आल्यावर मी पायाने ठिगळ दाखवत देवरामला म्हणालो, होडी मोडेल पण हे ठिगळ मोडायचं नाही.

देवराम हसला. त्याला बरं वाटलं होतं. "म्या बी बराबर केलं, मामा. तुमी सांगलं तसं, सोंगासारखं. आधी घासलं. मंग मोहाचं त्याल चोळलं, दोन येळा. नीट पुसून घेतलं, वर राहू दिलं नाय."

माझं वल्हं थांबलं.

"तेल कशाला?" मी विचारलं.

"मंग सुटंल कसं?"

साच्याला तेल लावतात ते वर केलेलं सोंग साच्यावरून सुटावं म्हणून. आम्हीही लावतो, मेण लावतो, वीस वर्षं लावतोय. त्या माणसाने होडीचं बूड हा साचा धरला होता आणि माझं ठिगळ हे सोंग. मी त्याला तेच तर सांगून गेलो होतो, काही वेगळं नाही म्हणून. माझ्या हाताने मी ते ठिगळ तेलावर टाकलं होतं.

खाली वाकलो आणि पेराने ठोकलं. भद्द. जरा बाजूला, भद्द. कडेला एक पांढरा फुगवटा आलेला दिसला, आणि मी बघत असतानाच त्याच्या टोकाशी पाण्याचा एक मणी उभा राहिला. मग त्याची धार झाली.

त्या क्षणी मनात काय आलं ते लाजत का होईना लिहितो. गप्प बसावं असं आलं. पोचू कदाचित, कुणाला कळणार नाही. पण माझ्यासमोर दोन माणसं हात वर करून बसली होती, आणि त्या हातांत बापाचे सात चेहरे होते, आणि त्यांचे साचे आमच्या खालच्या त्याच पाण्याच्या तळाशी कुठेतरी होते.

"आक्का," मी म्हणालो, "ठिगळ सुटतंय. चूक माझी आहे."

देवरामने ठिगळाकडे पाहिलं, मग टोपल्यांकडे. त्याने मला दोष दिला नाही, आरडाओरडा केला नाही. फक्त विचारलं, "किती येळ हाय?"

सोप्पं आहे म्हणणारा मी. तोंड उघडलं आणि म्हणालो, "माहीत नाही."

मागे फिरायचं तर तेवढंच अंतर. देवरामने पुढेच वल्हं मारलं. माझं डोकं तेव्हा चालायला लागलं. ठिगळ आतून आहे, पाणी खालून त्याला वर ढकलतंय, म्हणजे वरून वजन पाहिजे. मी वल्हं टाकलं आणि सरळ त्या ठिगळावर जाऊन बसलो. मांडी घालून, सगळा भार देऊन. ऐंशी किलोंचा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा वजनाचं काहीतरी केलं म्हणायचं. धार थांबली नाही, पण बारीक झाली.

आता दुसऱ्या वल्ह्याला कुणी नाही. पुतण्यांचे हात टोपल्यांना. आक्का उठली, निऱ्या गुडघ्यापर्यंत खोचल्या, डबा उघडून भाकऱ्या माझ्या मांडीवर ओतल्या, रिकामा डबा माझ्या हातात दिला आणि माझ्या जागी बसून वल्हं धरलं. पन्नाशी उलटलेली बाई. पहिले दोन फटके पाण्यावरच बसले, तिसऱ्याला देवरामची लय पकडली.

मी डब्याने पाणी उपसत होतो. मांडीवर भाकऱ्या भिजत होत्या. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग थोडं वर. होडी जड झाली आणि वल्ही मारूनही पुढे सरकेना. थोरल्या पुतण्याचे हात कोपरातून वाकायला लागले, टोपलीची कड त्याच्या कपाळावर आली. देवरामने वल्हं न थांबवता त्याला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं, हळू आवाजात. पोरगा डोळे मिटून ताठ झाला. मी नंतर विचारलं, काय सांगितलंत. म्हणाला, बापाचं नाव घेतलं.

मला भीती वाटत होती ती बुडण्याची नव्हती. मला पोहता येतं, आक्कालाही येतं. मला भीती वाटत होती ती पाण्यातून वर आल्यावर देवरामच्या तोंडाकडे बघण्याची.

पलीकडच्या लोकांना काहीतरी बिनसलंय हे कळलं असावं. संबळ थांबलं. दहा-बारा माणसं छातीएवढ्या पाण्यापर्यंत आत आली आणि होडीच्या कडा धरून ती ओढायला लागली. बूड गाळाला लागलं. एक पुतण्या उतरला, टोपली डोक्यावर, कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेला. मग दुसरा. मी जागचा हललो नाही. आक्का म्हणाली, ऊठ आता. मी म्हटलं, दुसरी टोपली काठाला लागू दे.

दोन्ही टोपल्या कोरड्या गेल्या. संबळ पुन्हा सुरू झालं, आणि मी उठलो.

उठताक्षणी ठिगळ माझ्या मागोमाग वर आलं आणि तरंगायला लागलं. कुठे फाटलं नव्हतं, तडकलं नव्हतं. देवरामने वाकून ते उचललं, उलटं केलं. होडीच्या बुडाचा बाक, जुने ओरखडे, भोकाची कड, सगळं त्यावर जसंच्या तसं उमटलं होतं. त्याने ते नाकाशी नेलं.

"माझं त्याल," तो म्हणाला. मग ठिगळ खाली घेत, "नको व्हतं?"

"नको होतं. पण तुम्ही सांगत होतात आणि मी बोलूच दिलं नाही," मी म्हणालो. आक्का दुसरीकडे बघत होती.

परतीची वाट

बोहाड्याबद्दल मी लिहिणार नाही, तो पाहायचा असतो. एवढंच सांगतो की सातही सोंगं नाचली, आणि नरसिंहाच्या वेळी संबळ वाजलं, जागा रिकामी सोडली, लोकांनी त्या रिकाम्या जागेला हात जोडले. मला तिथे उभं राहवेना.

पुतण्याने रस्त्याने जाऊन, वसईच्या माझ्या कारागिराला निरोप देऊन रेझिन मागवलं आणि पाड्यावरचं माझं बाकीचं सामान आणलं. ते येईपर्यंत देवरामने होडीचं बूड रिठ्याच्या पाण्याने तीनदा धुतलं, मी थिनरने पुसलं, दोघांनी मिळून पुन्हा घासलं. प्रत्येक पायरीला मी त्याला विचारत होतो, तो मला विचारत होता. आक्काने त्यावरून माझी भरपूर थट्टा केली. मॅटचे पदर या वेळी त्याने टाकले. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, एकही बुडबुडा राहिला नाही. मी ठिगळावर बोटाबोटाच्या अंतराने ठोकून पाहिलं, सगळीकडे टणक.

परत येताना पुतण्यांनी टोपल्या उचलल्या तेव्हा मी देवरामला म्हणालो, आधी रिकामी नेऊन बघू या का. तो म्हणाला, कशाला, कुठं बसायाचं ते आता तुमाला ठाऊक हाय. होडीतले सगळे हसले, मीही हसलो, पण वल्हं मारताना माझी नजर बुडावरून हलली नाही. पाणी आलं नाही.

निघायच्या दिवशी देवराम ते सुटलेलं ठिगळ घेऊन आक्काच्या ओट्यावर आला. धुऊन पुसून आणलं होतं. माझ्या शेजारी बसला, ते मांडीवर उलटं ठेवलं आणि होडीच्या उमटलेल्या ओरखड्यांवरून बोट फिरवत राहिला.

"मामा, ह्ये असं येतं," तो म्हणाला. "तर बापाच्या सोंगावरनं साचा निघंल का?"

माझ्या जिभेवर ते दोन शब्द आले होते. अगदी ओठापर्यंत आले. रंग उडेल का, रेझिन खळ खाईल का, उष्णतेने कागद वळेल का, मला यातलं काही माहीत नव्हतं. सात सोंगं होती आणि एकही वाया घालवायला नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "आधी तुम्ही सोंग कसं करता ते मला पहिल्यापासून सांगा."

जव्हारची जीप चौकात येऊन हॉर्न देत होती. आक्काने ड्रायव्हरला हाताने जा म्हणून खूण केली आणि आत चहा ठेवायला गेली. देवरामने ठिगळ बाजूला ठेवलं, नीट मांडी घातली.

"पयली माती घ्यायाची," तो म्हणाला. "तिचं त्वांड करायाचं."

"मग तिला?"

"त्याल," देवराम म्हणाला, आणि माझं पुरतं ऐकून झालंय ना हे बघत थांबला.